धंदा : घरकाम

मुन्शीजी वारले आणि त्याच दिवशी माझंही काम संपलं. माझे डोळे धड होते, हात धड होता, दौत-टाक माझेच होते. पण अर्ज लिहिण्याचा परवाना मुन्शीजींच्या नावावर होता. परवाना माणसाबरोबर जातो. कचेरीच्या ओट्यावरची आमची सतरंजी मी झटकली, गुंडाळली आणि घरी आणली. इतकाच निरोप समारंभ.

या अंकाच्या संपादकांनी 'कचेरीतल्या अनुभवांवर काहीतरी लिहा' असं कळवलं आहे. त्यांना बहुधा काही स्फूर्तिदायक हवं असावं. ते माझ्याकडे नाही. मी अकरा-बारा वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. त्यातले बरेच मंजूर झाले, बरेच झाले नाहीत. मंजूर झालेले मला आठवत नाहीत.

पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीच्या ओट्यावर एक वेगळीच अडचण उभी राहिली. जुने कागद सगळे उर्दूत आणि नवे मराठीत. मुन्शीजींची उर्दू मोत्यासारखी, पण मराठी बोलण्यापुरतीच. मला दोन्ही येत होत्या. माझे वडील शाळामास्तर होते, त्या काळी शाळा उर्दूच होती आणि त्यांनी मला भावाबरोबर बसवून शिकवलं होतं. नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं, ते परत नेलं नाही. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. जालन्यात मस्तगडला भावाच्या घरी मी राहत होते.

मुन्शीजी वडिलांचे जुने स्नेही. एके दिवशी घरी आले आणि भावाला म्हणाले, "तुम्हारी बहन को मेरे बाजू में बिठाव. परदा लगा लेंगे."

"लोक काय म्हणतील, मुन्शीजी?"

"लोगां अर्जी लिखाने कू आते मियाँ, बोलने की फुरसत किसको है?"

पडदा आठ दिवस टिकला. नंतर त्यात आम्ही जुन्या मिसली, म्हणजे कागदांच्या फायली, बांधून ठेवल्या.

धंदा कसा चालतो ते सांगते. लोकांना वाटतं, अर्जात भाषा महत्त्वाची. अजिबात नाही. 'मायबाप सरकार' दोनदा आलं की भाषा संपली. महत्त्वाचे असतात ते वरचे रकाने. अर्जदाराचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, राहणार, धंदा. मग मजकूर. मग अंगठा. आणि अगदी तळाशी 'लिहिणार' म्हणून अर्ज लिहिणाऱ्याचं नाव. मजकूर साहेब वाचतो की नाही याची खात्री नसते, पण रकाने कारकून वाचतोच, आणि साहेबाला तोंडी सांगतो. अर्जाचं बरंवाईट तिथेच ठरतं.

बायकांच्या अर्जाला वेळ लागे. वय कुणालाच माहीत नसायचं. नवऱ्याचं नाव माहीत असायचं, पण घ्यायचं नसायचं. मग सोबत आलेली जाऊ नाहीतर शेजारीण ते सांगायची आणि अर्जदारीण पदराआड हसायची. धंद्याच्या रकान्याला मात्र काहीच वेळ लागत नसे, कारण तो आम्ही विचारतच नव्हतो. पहिल्याच दिवशी माझा टाक तिथे अडला, तेव्हा मुन्शीजी रकान्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "औरत के खाने में सोचना नहीं, बेटी. 'घरकाम' लिखो, आगे बढो. सोचते बैठे तो शाम हो जाती."

मी लिहिलं आणि पुढे गेले. शेकडो वेळा.

ठकूबाई आली ती कुळांच्या नोंदी चालू होत्या त्या दिवसांत. सरकारने ठरवलं होतं की जी जमीन जो स्वतः कसतो, त्याचं नाव कूळ म्हणून कागदावर चढवायचं, म्हणजे मालकाला त्याला उगाच हाकलता येणार नाही. सगळा तालुका ओट्यावर लोटला होता. त्या गर्दीतून एक उंच, हाडाची बाई पुढे आली आणि उकिडवी बसली. वय असेल तीस-पस्तीस. तळहात असे, की अंगठ्याला शाई लावायची तर आधी माती खरवडावी लागली.

"बाई, माह्या नावाचा अर्ज करा. जमीन म्या कसून राह्यले, अन् नाव दीर लावून घ्यायलाय."

कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला तिचं गाव. अकरा एकर काळी जमीन, मालक जालन्याचे एक शेठजी. नवरा ती जमीन बटईने, पिकाच्या वाट्यावर, करायचा. तो तापाने गेला, तेव्हा पदरात दोन मुली. तेव्हापासून पाच वर्षं जमीन ही पाहत होती. दीर बाजीराव बाजूची जमीन करायचा आणि सुगीला धान्याची गाडी शेठजींकडे घेऊन जायचा. बाईमाणूस गाडी हाकत जालन्यात कशी येणार? म्हणून ती गाडी त्याची.

मी भराभरा लिहून घेतलं. बाहेर तीसेक माणसं उभी होती. नाव ठकूबाई, नवऱ्याचं नाव शेजारणीने सांगितलं, वय अंदाजे, गाव, धंदा घरकाम. मजकूर चांगला झाला होता, असं मला तेव्हा वाटलं. अंगठा घेतला. तळाशी मुन्शीजींचं नाव लिहिलं.

"होईल ना, बाई?"

"खरं असेल तर का नाही होणार?" मी म्हटलं. तेव्हा माझा असा समज होता.

चौकशी गावातच, चावडीत झाली. साहेब नवे होते, दुसऱ्या मुलखातून आलेले, शांत आणि सभ्य. मुन्शीजींना अर्जनवीस म्हणून हजर राहायचं होतं आणि त्यांना तोवर जवळचं नीट दिसेनासं झालं होतं, म्हणून कागद वाचायला मी बरोबर गेले. मी खांबाशी बसले. माझी तिथे नोंद नव्हती.

साहेबांनी ठकूबाईला पहिलाच प्रश्न विचारला, "औत कोण धरतं?"

चावडीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बाहेरच्या वाचकांसाठी हे सांगायला हवं. आमच्याकडे बाई शेतातलं सगळं करते. पेरताना तिफणीवर बियाण्याची मूठ ती सोडते, खुरपते, वेचते, कापते, मळते, पाखडते. औताला मात्र हात लावत नाही. बाईने औत धरलं की गावावरचा पाऊस रुसतो, असं समजतात. गडीमाणूस मेलेला असला, बैल दावणीला उभे असले, नांगरटीजोगी ओल, वाफसा, निघून चालला असला, तरी नाही.

ठकूबाई म्हणाली, "म्याच धरते."

मागून कुणीतरी हसलं. बाजीराव उठला. "साहेब, भावजय हाय म्हणून बोलत न्हाई. पण कुठं बाई औत हाकती का? गावाला इचारा."

साहेबांनी शेजारच्या बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारलं. हा गणपतबुवा सरळ माणूस होता. त्याने शपथ घेतली आणि पाहिलं ते सांगितलं. "तांबडं फुटायच्या टायमाला त्या शेतात वखर चालू असायचा, साहेब. पाच वर्सं पाह्यलं. पटका बांधलेला गडी असायचा."

"कोण गडी?"

"लांबून तोंड कसं दिसावं? पटका दिसायचा. बाप्याच असणार की."

बाजीराव लगेच म्हणाला, "म्याच होतो."

ठकूबाईचा चेहरा मी पाहत होते. तिला कळलं ते मला तिच्याआधी क्षणभर कळलं असावं. ती पुढे झाली आणि ओरडून म्हणाली, "आरं बुवा, ती मी होते! माह्या घरधन्याचा पटका बांधीत होते मी! तुमच्या पावसाला कळू नये म्हणून!"

लोक आता मोठ्याने हसले. एक जण म्हणाला, "मंग मिशा बी लावत होतीस का गं?" साहेबसुद्धा किंचित हसले. गणपतबुवा तेवढा हसला नाही. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, पण त्याचं सांगणं लिहून झालं होतं.

शेठजींना विचारलं. तेही खोटं बोलले नाहीत. "आपलं काय, साहेब, धान्य बराबर वेळेवर यायचं. गाडी कोण आणायचा, तर बाजीराव. या बाईला मी आज पयली बार बघतो."

राहिला अर्ज. साहेबांनी तो वर धरला, वरचे रकाने पाहिले आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "बाई, यात तुमचा धंदा घरकाम लिहिलाय. हे तुमचंच म्हणणं आहे ना? खाली अंगठा तुमचा आहे."

ठकूबाईला वाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले. साहेब म्हणाले, "आपण कोण?" आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी तळाचं नाव वाचलं आणि मुन्शीजींकडे वळले. "हे तुम्ही लिहिलंत?"

मुन्शीजी हात जोडून उठले. खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता आणि त्याच्याबरोबर त्यांचीही भाकरी गेली असती, माझीही. ते म्हणाले, "जी हुजूर. मेराच लिखा है."

मी खाली बसले.

नोंद बाजीरावाच्या नावाने झाली. परतताना टांग्यात मुन्शीजी एकच वाक्य बोलले, "कानून में औत का लफ्ज कहीं नहीं है, बेटी. मैं पूरा पढा हूँ." खरं होतं. कायद्यात 'कसणारा' असा शब्द होता. त्यात औत साहेबांनी घातलं, पटका ठकूबाईने आणि घरकाम मी.

मी फेरअर्ज केला. मुन्शीजींच्याच नावाने. धंद्यात 'शेती' लिहिलं. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला म्हणाला, "पहिल्यात एक, दुसऱ्यात एक. यातलं खोटं कुठलं, तेवढं सांगा." या धंद्यातली ही पहिली शिकवण, आणि ती मला फार उशिरा मिळाली. पहिला कागद तोच खरा. नंतरचे सगळे बनावट वाटतात.

त्यानंतर मी प्रत्येक बाईला विचारू लागले, "सकाळपासून काय काय करता?" मुन्शीजी कुरकुरले, रांग लांबली, कारकून वैतागले. हा काही मोठा विजय नव्हता. अर्ध्या बायकांना ते लिहून नको असायचं. आमच्या मस्तगडमधल्याच एक मारवाडी बाई आल्या होत्या, घराच्या हद्दीच्या भांडणाचा अर्ज घेऊन. सकाळपासून त्या पापड लाटत. यजमानांच्या दुकानात ते पापड आणि जोडीला थोडं मीठ-मिरची, दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "धंदा पापडांचा लिहिते."

त्यांनी माझा हातच धरला. "ना ना, बाईसा! असं बिलकुल लिहू नका. लोक म्हणतील, शेठ गादीवर लोळतो अन् बायकोच्या लाटण्यावर घर चालतं."

"चालतं ना?"

"चालतं म्हणून काय लिहायचं?"

मी घरकाम लिहिलं. पापड मात्र त्यांनी आणून दिले, उडदाचे, फार चांगले.

कधी मी हट्टाने 'कापूस वेचणी' किंवा 'बांगड्या विकणे' लिहायचे आणि आत कारकून त्यावर रेघ मारून सवयीने 'घरकाम' लिहून टाकायचा. त्याचा काही वाईट हेतू नसायचा. माझाही नव्हताच. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त थकवलं ते यानेच. वाईट हेतूचा माणूस भेटला असता, तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

ठकूबाई पाचेक वर्षांनी पुन्हा आली. मी तिला लांबून ओळखलं आणि खरं सांगायचं तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जावं असं मनात आलं. ती समोर येऊन उकिडवी बसली. तिच्या मागे चार पुरुष उभे होते, त्यात काठी टेकत आलेला गणपतबुवा.

"बसा की बाई. पळताय कुठं?"

मी बसले.

शेठजींची दुसरी जमीन होती, चार एकर, मुरमाड, कुणी घेत नव्हतं. ती तिने बटईने मागून घेतली होती. शेठजी आता तिला ओळखत होते, कारण त्या चौकशीनंतर धान्याची गाडी ती स्वतः हाकत जालन्यात आणायची.

"आन् ह्ये कोण?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"साक्षीदार," ती म्हणाली. "वखराची पाळी घालायची होती, तर आधी यांना घरोघर जाऊन बोलावलं. पाटलाला बी बोलावलं. चांगलं दिस वर आल्यावर, सावलीला घोंगडं टाकून बसवलं, गूळ-शेंगा दिल्या, अन् म्हणलं, आता तोंडाकडं नीट बघून घ्या. पटका न्हाई बांधला. मंग औत जुंपलं."

"आणि पाऊस?"

गणपतबुवा म्हणाला, "आला की. जरा उशिरानं आला, पण दरसालच उशिरानं येतो." मग काठीकडे बघत म्हणाला, "मागल्या टायमाला मी पटका पाह्यला, माणूस न्हाई पाह्यला. चूक झाली. पर त्ये खोटं न्हवतं, बाई."

"खोटं कुणीच बोललं न्हाई बुवा, येक सोडून," ठकूबाई म्हणाली. "म्हणून तर गेली जमीन."

काळी जमीन ती गेलीच. बाजीरावाच्या कपाशीच्या बाजूने ती रोज आपल्या मुरमाकडे जात होती. तिने ते सांगितलंही नाही, मीच विचारलं म्हणून हो म्हणाली.

मी कागद पुढे ओढला. नाव, नवऱ्याचं नाव, वय. धंद्यापाशी थांबले. "बोल."

"शेती. अन् बाजूला लिव्हा, औत स्वता धरते."

"रकान्यात एवढी जागा नाही, ठकूबाई."

"मंग बारीक लिव्हा."

मी बारीक लिहिलं. चारही साक्षीदारांचे अंगठे घेतले. शेवटी तळाशी आले आणि 'लिहिणार' पुढे नाव घातलं. ठकूबाई त्या ओळीकडे पाहत होती. वाचता येत नसलं तरी रकान्यांचं तिला आता चांगलं समजत होतं.

"ह्ये तुमचं नाव ना?"

"नाही. मुन्शीजींचं."

"ते तर झोपलेत."

मुन्शीजी खरोखर भिंतीला टेकून पेंगत होते. डोळे जवळजवळ गेले होते. सकाळी येऊन बसायचे, एवढंच त्यांचं काम उरलं होतं.

"परवाना त्यांचा आहे. माझ्या नावाने लिहिला, तर अर्ज परत येईल."

ती अशी हसली की बाजूच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. "आगं माय! मंग तुम्ही बी पटका बांधूनच बसल्यात की!"

मी शाई टिपली. अर्ज आत पाठवला. तो मंजूर झाला. वर लिहिलं, की मंजूर झालेले आठवत नाहीत. हा एक आठवतो. तळाशी नाव मुन्शीजींचंच होतं. तिच्या चार एकरांवर मला पुन्हा माझा हात आजमावून पाहायचा नव्हता.

आता मुन्शीजी नाहीत. मी स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज केला, तर कारकुनाने विचारलं, या कामाचा पूर्वानुभव? मी म्हटलं, अकरा-बारा वर्षं. तो म्हणाला, एखादा कागद दाखवा, ज्यावर तुमचं नाव आहे. त्या कचेरीत माझ्या अक्षराचे कागद कपाटं भरून आहेत. नाव एकावरही नाही. बायकांना हा परवाना देऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही. आजवर दिलेला नाही, इतकंच.

ही गोष्ट ठकूबाईला बाजारात कुणीतरी सांगितली. परवा ती गाडी जुंपून आली. गाडी आमच्या दारात उभी केल्याने भावजय नाराज झाली. ठकूबाई ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि अंगठा पुढे केला.

"लावा शाई. मी पाह्यलंय तुम्हाला लिवताना. दिवसाढवळ्या, तोंडाकडं बघून."

नवा अर्ज लिहून, त्याला तिचा अंगठा जोडून पाठवला आहे. अजून तीन साक्षीदार लागतात. तो लिहिताना धंद्याच्या रकान्यात टाक सवयीने 'घ' काढून मोकळा झाला होता. तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.